पाळणा लांबविणे : साधन कोणते आणि वेळ कोणती?



बीजप्रक्रिया पेरणीपूर्वी करावयाची असते, हे आपण जाणता. रोप उगवून आल्यावर औषध चोळून उपयोग होत नाही. औषध तेच, पण वेळ चुकली की खर्च वाया जातो. पाळणा लांबविण्याच्या साधनांचेही तसेच आहे.

कोकणातील व घाटावरील अनेक घरांतील कर्ता पुरुष मुंबईस नोकरीला असतो. घाटकोपरच्या भटवाडीत किंवा असल्फ्याच्या टेकडीवर त्याची खोली असते. गावी बायको, म्हातारे आईवडील आणि थोडे भात. शिमगा, लावणी व गणपती एवढ्यापुरताच तो घरी येतो.

माझ्या नात्यातील एक जोडपे असेच आहे. शिमग्याला भाऊ आठ दिवस आला. वहिनींनी तेवढे आठ दिवस रोज एक गोळी घेतली आणि तो परतताच पाकीट फडताळात ठेवले. लावणीच्या वेळी कडेवरचे लेकरू चौदा महिन्यांचे होते आणि वहिनींना पाचवा महिना चालू होता. दिवसभर चिखलात वाकून लावणी, रात्री पायाला सूज. घरात सर्वांचे म्हणणे एकच, "गोळ्याच खोट्या." गोळ्या खोट्या नव्हत्या, घेण्याची रीत चुकली होती.

असे का झाले?

ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी त्या दिवसापुरती काम करीत नाही. ती स्त्रीबीज बाहेर पडू देत नाही. त्यासाठी तिचा अंमल शरीरात रोज टिकावा लागतो. मध्येच सुरू करून मध्येच बंद केल्यास संरक्षण मिळत नाही.

साधने व त्यांची वेळ

१) निरोध : प्रत्येक संबंधाच्या वेळी, सुरुवातीपासून वापरावा. गुप्तरोग व एड्सपासूनही संरक्षण देणारे साधन हेच.

२) माला-एन : पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू करावी. पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकाच्या व ७ लोहाच्या असतात. रोज ठराविक वेळी एक घ्यावी. एक गोळी विसरल्यास आठवताच घ्यावी. दोन किंवा अधिक चुकल्यास एक लगेच घेऊन पाकीट पुढे चालू ठेवावे व सात दिवस निरोधही वापरावा. बाळ सहा महिन्यांच्या आतील व अंगावर पिणारे असेल, रक्तदाब असेल किंवा अर्धशिशी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

३) छाया : लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली ही बिनसंप्रेरकाची गोळी आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करावी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी घ्यावी. चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा घ्यावी. अंगावर पाजणाऱ्या मातेलाही चालते.

४) अंतरा इंजेक्शन : दर तीन महिन्यांनी घ्यावे. पाळी अनियमित होऊ शकते किंवा थांबते. त्यास घाबरू नये. मात्र बंद केल्यावर पुन्हा दिवस राहण्यास काही महिने लागतात, हे लक्षात ठेवावे.

५) तांबी : बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनंतर बसविता येते. प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षे चालते. मूल हवे असल्यास डॉक्टरांकडून केव्हाही काढून घ्यावी.

६) नसबंदी : मुले पुरेशी झाली असतील तरच करावी. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. तिने अंगातील ताकद कमी होत नाही. नांगर पूर्वीसारखाच धरता येतो. मात्र पुढे तीन महिने निरोध वापरावा आणि वीर्यतपासणी करून खात्री करून घ्यावी.

चूक झालीच तर

निरोध फाटल्यास किंवा काहीच वापरले नसल्यास तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, घ्यावी. ती नेहमीचे साधन म्हणून वापरू नये. "अंगावर पाजते म्हणून दिवस राहणार नाहीत" हा भरवसा बाळाच्या सहा महिन्यांपर्यंतच, तोही पाळी आली नसेल आणि बाळ रात्रंदिवस केवळ अंगावरच पीत असेल तरच धरावा.

नवरा परगावी असल्यास

अशा घरी रोज आठवण ठेवावी लागणार नाही असे साधन, म्हणजे तांबी किंवा अंतरा, सोयीचे पडते. गोळीच घ्यावयाची असेल तर नवरा घरी असो वा नसो, खंड पाडू नये. दोन्ही नको असल्यास नवऱ्याने मुंबईहून येताना निरोध आणावेत. त्याची सर्व जबाबदारी बायकोवर टाकू नये. घाटकोपरला राहणाऱ्यांनी महापालिकेच्या राजावाडी रुग्णालयात, तर गावी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करावी.

हा विषय बोलण्याचा नाही असे अजूनही वाटते. परंतु प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यासाठी नोकरी गेली, खटले सोसले. आज तीच साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहण्यापूर्वी किमान दोन वर्षे जावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या काळात आईच्या अंगात रक्त भरते आणि बाळालाही तिचे दूध व लक्ष पुरेसे मिळते.

वहिनींनी दुसऱ्या बाळंतपणानंतर, दवाखान्यातून घरी येण्यापूर्वीच, स्वतःच्या इच्छेने तांबी बसवून घेतली. आपणही फवारणीच्या तारखा वहीत लिहिता, त्याच वहीत साधन सुरू केल्याची आणि पुढची तारीख लिहून ठेवावी. साधन कोणते, हे दोघांनी मिळून ठरवावे, आणि ते नवरा गावी येण्यापूर्वी ठरवावे.