गर्भिणीची रोजनिशी

गर्भवती स्त्रीला कोरी वही भेट देण्याची जी रीत अलीकडे आपल्या मध्यमवर्गीय घरांतून रूढ होऊ लागली आहे, तिचे मी मनःपूर्वक स्वागत करते; परंतु त्या वहीत केवळ मंगल, प्रसन्न आणि सात्त्विक तेवढेच लिहावे अशी जी ताकीद तिच्यासोबत बहुधा दिली जाते, ती कोणत्याही गर्भिणीने शिरोधार्य मानू नये, असे माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या अनुभवावरून मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

मातेच्या चित्तवृत्ती गर्भावर उमटतात ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि पोटात असताना चक्रव्यूहाचा भेद ऐकणाऱ्या अभिमन्यूची कथा ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. माझ्या सासूबाईंची या कथेवर नितांत श्रद्धा होती. मी वहीत उलट्यांचा, निद्रानाशाचा आणि बाळंतपणाच्या भयाचा उल्लेख करते हे कळल्यावर त्या अत्यंत मायेने म्हणाल्या, "अगं, असलं काही लिहू नये, पोटातलं लेकरू सगळं ऐकत असतं." त्यांच्या हेतूविषयी तिळमात्र संशय घेण्याचे कारण नाही. परंतु भय काही लिहिण्याने उत्पन्न होत नाही. ते आधीच मनात ठाण मांडून बसलेले असते, आणि ज्या स्त्रीला स्वतःच्या वहीतदेखील त्याची कबुली देण्याची मुभा नाही, तिने आपली कैफियत कोणापुढे मांडावी? मी लिहीत राहिले, आणि ते लिहिणे तारीखवार होते, हेच पुढे कामी आले.

चौतिसाव्या आठवड्यातील एक नोंद मला अजून जशीच्या तशी आठवते. कणीक मळताना ज्या हिरव्या बांगड्या मी रोज सहज कोपराकडे सारीत असे, त्या मनगटापाशीच रुतून बसल्या. सकाळपासून कपाळ ठणकत होते. आणि सायंकाळी देवापुढे निरांजन लावताना ज्योतीच्या आजूबाजूला काजवे चमकल्याचा भास झाला. डोकेदुखीची तक्रार मी थोड्याच दिवसांपूर्वी एका दवाखान्यात सांगितली होती, आणि 'या दिवसांत असे व्हायचेच' एवढ्यावर, रक्तदाब न मोजताच, माझी बोळवण झाली होती. त्या दिवशी मात्र ही नोंद मी सासूबाईंना वाचून दाखविली. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिले, चेहऱ्याकडे निरखून पाहिले, आणि अभिमन्यूचे नावही न काढता रिक्षा बोलावण्यास सांगितले.

रुग्णालयात रक्तदाब १६०/११० भरला आणि लघवीत प्रथिने आढळली. डोळ्यांपुढे अंधारी येत असल्यामुळे मला अक्षर लागेना, तेव्हा ज्या वहीला त्यांचा आक्षेप होता तीच वही सासूबाईंनी पानामागून पान डॉक्टरांना वाचून दाखविली. डोके कधीपासून दुखते, सूज कोणत्या दिवशी हातांवर आली, याचा इत्यंभूत तपशील तीत होता. प्री-एक्लाम्प्सिया या विकाराचे निदान झाले, आकडी येऊ नये म्हणून त्याच रात्री मॅग्नेशियम सल्फेट सुरू झाले, आणि मुलगी वेळेआधी, वजनाने लहान, पण सुखरूप जन्मली. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा त्याहून अधिक आढळला तर तो दुर्लक्षिण्याजोगा नसतो. आणि हा विकार पुष्कळदा काही न बोलता वाढतो, म्हणून काहीच त्रास होत नसला तरी रक्तदाब प्रत्येक तपासणीत मोजून घ्यावा, व आकडा आपल्या हाताने वहीत उतरवून घ्यावा.

येथे रोजनिशीचा एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. लिहून झाले की मन हलके होते, आणि त्या हलकेपणात तक्रार जणू दप्तरदाखल होऊन जाते. जी डोकेदुखी वहीत गेली आणि वैद्याकडे गेली नाही, तिची नोंद असून नसल्यासारखीच. म्हणून असह्य मस्तकशूळ, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी आलेली सूज, रक्तस्राव, पाणी जाणे, किंवा बाळाची नेहमीची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही वहीत लिहिण्याची वेळ आली तर लेखणी खाली ठेवून आधी रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये.

मनाच्या दुखण्यालाही हेच लागू आहे. माझ्या धाकट्या बहिणीने बाळंतपणाच्या आधी आणि नंतर पानेच्या पाने भरून खिन्नता लिहिली, आणि लिहिते आहे म्हणजे सावरते आहे अशी आम्हां सर्वांची समजूत झाली. पुढे ज्या डॉक्टरीणबाईंनी तिला बरे केले, त्यांनी प्रथम तिच्यापुढे एडिंबरो येथे तयार झालेली, १९८७ साली प्रसिद्ध झालेली प्रश्नावली ठेवली. तीत प्रश्न अवघे १०, तेही मागील ७ दिवसांपुरते. हसू येते का, उगीच स्वतःला दोष देता का, झोप लागत नाही इतके दुःख होते का, आणि शेवटी, स्वतःला इजा करण्याचा विचार मनात येतो का. आपली पाने चाळताना तोच तो काळोख दोन आठवडे सलग आढळला, तर ती पाने डॉक्टरांपुढे ठेवावीत. आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर क्षणाचाही विलंब न लावता घरातल्या माणसाला उठवावे व मदत घ्यावी. शासनाची १४४१६ ही टेली-मानस सेवा रात्रीअपरात्रीदेखील उपलब्ध असते.

वहीचा खाजगीपणा घरच्यांनी जपावा, हे मी सासवांना आणि नवऱ्यांना हात जोडून सांगेन. जिला आपली वही चोरून वाचली जाईल अशी धास्ती असते ती खरे लिहीत नाही, आणि खोटी रोजनिशी डॉक्टरांच्याही उपयोगाची नसते. शक्य तर दोन भाग करावेत: पुढून तारीख, वेळ, रक्तदाब, वजन, बाळाची हालचाल, जे कोणीही पाहावे, मागून मनातले, जे तिने आपण होऊन दाखविल्यावाचून कोणी पाहू नये.

बाळ जन्मल्यावर सगळ्यांचे लक्ष पाळण्याकडे वळते आणि वही फडताळात पडते. तसे होऊ देऊ नये. हा रक्तदाब प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांतही उसळू शकतो, तेव्हा निदान तोवर लिहावे, आणि त्यानंतर वही माता-बाल संरक्षण कार्डाबरोबर जपून ठेवावी. दुसऱ्या खेपेस माझ्या डॉक्टरांनी जुनी वही मागवून घेतली, पहिल्या वेळची हकीकत वाचली, आणि बाराव्या आठवड्यापासूनच ॲस्पिरिनची अल्प मात्रा सुरू करून तपासण्या नेहमीपेक्षा जवळजवळ ठेवल्या.