कासेचा शत्रु गोठ्यांतच

नीरा डाव्या कालव्यानें बारामती-इंदापुरास ऊंस दिला, वैरण दिली. गोठ्यांत ओलही आली. गाईची कास सुजून दगडासारखी घट्ट होते, दुधांत गुठळ्या पडतात, त्या रोगास आपण ‘दगडी’ म्हणतों. कोणी दृष्ट लागली असें समजतात. वस्तुतः एश्चेरिशिया कोलाय इत्यादि सूक्ष्म जंतु शेणांत व चिखलांत असतात. धार काढल्यावर सडाचें छिद्र निदान अर्धा तास उघडें राहतें. तेवढ्यांत गाय ओल्यांत बसली, तर ते आंत शिरतात. मग कधीं सड कायमचा निकामी होतो, कधीं गायच दगावते.

म्हणून विद्यार्थ्यांस आम्ही सांगतों : धार संपतांच गाईपुढें वैरण टाका, म्हणजे ती उभी राहील. बसण्याची जागा कोरडी ठेवा. पहिल्या धारा काळ्या कापडावर पाहा. गुठळी दिसतांच पशुवैद्यांस बोलवा.