कुडाच्या भिंतीने डोंबिवलीचा फ्लॅट स्वस्त होईल का?

प्रश्न : मुरबाडजवळ आजोबांचं कुडाचं घर अजून उभं आहे. सगळं सामान आसपासचं, खर्च किरकोळ. मग डोंबिवलीतही स्थानिक सामान वापरून घरं स्वस्त का करत नाहीत?
— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : काळ्या दगडाचं जोतं, कारवीच्या काठ्यांच्या कुडावर शेणमातीचा गिलावा, वर कौलं. हे घर स्वस्त पडलं ते नुसत्या कारवीमुळे नव्हे. जागा घरची होती आणि दर वर्षीची डागडुजीही घरच्यांनीच केली. डोंबिवलीत स्टेशनजवळच्या फ्लॅटच्या किमतीत मोठा वाटा जागेचा. भिंतीत कितीही काटकसर करा, त्याला धक्का लागत नाही.

शिवाय सात मजली इमारतीचा भार आरसीसीचे खांब पेलतात. भिंत नुसता आडोसा. ती जितकी हलकी, तितकं लोखंड कमी. म्हणून तिथे एएसी ब्लॉक परवडतात. आकारमान सारखं धरलं तर त्यांचं वजन भाजक्या विटेच्या निम्म्याहून कमी भरतं. ते बहुधा औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून बनतात. असं ५०० मेगावॉटचं केंद्र शेजारच्या पालघर जिल्ह्यात, डहाणूला आहे. राखेच्या विटांनाही भट्टी लागत नाही. दाबून पाडायच्या आणि पाणी मारत राहायचं. शेतातली माती वाचते, जळण वाचतं.

पण जवळचं ते सगळंच चांगलं नसतं. खाडीची रेती मुंब्रा-कल्याणला हाकेच्या अंतरावर. ती न धुता वापरली, तर मिठाने सळ्या गंजून फुगतात आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. वाचलेले पैसे पुढे दुरुस्तीत जातात.

स्थानिक सामानाचा खरा फायदा मुरबाड-शहापूरकडे, स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, तिथे प्रत्येक विटेचा हिशेब लागतो. केरळात लॉरी बेकर यांनी रुळवलेली ‘रॅट ट्रॅप’ पद्धत इथे उपयोगी आहे. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी सोडायची. नऊ इंची भिंतीत जवळपास पाव विटा वाचतात आणि पोकळीमुळे ऊनही कमी जाणवतं. मात्र गवंडी सरावाचा हवा. आपल्याकडच्या पावसात छप्पर भिंतीबाहेर निदान दोन फूट काढा आणि जोतं उंच घ्या. ओल चढली तर भिंत कशाचीही असो, टिकत नाही.