सड्याच्या कडेची जमीन

सातारा,
६ मार्च

चि. निखिल,


तू पाठवलेला ड्रोनचा व्हिडिओ पाहिला. सातबारा मात्र पुन्हा पुन्हा वाचला. कासच्या पुढे, बामणोलीच्या अंगाला सड्याची कड, खाली शिवसागराचं पाणी आणि समोर वासोट्याची रांग. ते बघून पुण्यात दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाचा जीव तिकडे धावला, हे मला कळतं. तरीही आधी निकाल सांगते आणि मग कारणं. ही जमीन घेऊ नकोस. डोंगरात जमीन घेऊच नकोस, असं माझं म्हणणं नाही. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

उताऱ्यापासून सुरुवात करू. गटाचं क्षेत्र ३ हेक्टर २० आर. त्यात लागवडीयोग्य फक्त ६० आर, बाकी सगळा पोटखराबा. खातेदारांच्या रकान्यात नऊ नावं आणि खाली 'सामाईक क्षेत्र'. एजंट तुला दोन एकर दाखवतो आहे, चुना टाकून कोपरेही आखले आहेत. पण त्या गटाचं वाटपच झालेलं नाही. पोटहिस्सा नाही, मोजणी नाही. तो चुना कुणी आणि कशावरून टाकला? अशा गटातल्या एका सहहिस्सेदाराकडून खरेदीखत केलंस, तर तुला मिळतो त्याचा अविभक्त हिस्सा, म्हणजे पुढे वाटप मागण्याचा हक्क. व्हिडिओतली कड तुझ्याच वाट्याला येईल, असं त्या खतात कितीही चतुःसीमा लिहिल्या तरी ठरत नाही.

आता त्या नऊ नावांकडे बघ. जावळी-पाटणच्या या पट्ट्यातल्या घराघरांतली माणसं दोन-तीन पिढ्या मुंबईत आहेत, कुणी माथाडी, कुणी गिरणीत होते. नावं लावलेली माणसं वारली, वारसनोंद झाली नाही. बहिणींची नावं तर कुणी लावतच नाही. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल, यांनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. गावात राहिलेला एक भाऊ सही करतो आणि आठ-दहा वर्षांनी घाटकोपरहून त्याची बहीण दिवाणी दावा लावते. तिचं काहीच चुकत नाही. माझ्या वकिलीचा निम्मा काळ अशाच बहिणींच्या दाव्यांत गेला आहे. तिच्यासमोर विरुद्ध बाजूला माझ्या दादाचा मुलगा उभा असलेला मला बघायचा नाही. आपल्या कराडच्या उताऱ्यावर माझं नाव दादाने स्वतःहून लावलं, ते तुला माहीत आहे.

'इतर हक्क' या रकान्यावर तुझी नजर गेली नसावी. तिथे कुळकायदा कलम ४३ चा शेरा आहे. म्हणजे ही जमीन कधीकाळी कुळाला मिळालेली. कुळाने ती विकत घेतल्याचा ३२-म चा दाखला मिळून दहा वर्षं झाली असतील, तर २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे आकाराच्या चाळीसपट नजराणा भरून ती विकता येते. रक्कम किरकोळ असते. पण तो दाखला आहे कुठे? एजंट म्हणतो, 'ते होऊन जाईल.' जे होऊन जाणार आहे, ते आधी होऊ दे.

साताऱ्याभोवती हे असं जास्त का, तेही समजून घे. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा इथे राज्याभिषेक झाला तेव्हापासून १८४८ मध्ये राज्य खालसा होईपर्यंत हे गादीचं गाव. गादीच्या आसपास इनामं, वतनं, देवस्थानच्या जमिनी दाट असतात. पुढे वतनं रद्द झाली, पण १९५८ च्या कायद्याने परत दिलेल्या महार वतनाच्या जमिनी जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. देवस्थान इनामाची जमीन तर पुजाऱ्याच्या ताब्यात कितीही पिढ्या असली तरी ती देवाची. त्यात कोयना, कण्हेर, उरमोडी अशा धरणांच्या विस्थापितांना दिलेल्या जमिनींची भर. म्हणून उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' दिसलं की तिथेच थांबायचं. आणि नुसता आजचा उतारा वाचून भागत नाही. फेरफार एकेक करून मागे जायचं, जुने हस्तलिखित उतारे तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढायचे. त्या पिवळ्या कागदांवर एका ओळीत लिहिलेलं असतं की ही जमीन कुणाची, कशी आणि कोणत्या अटीवर. संगणकावर चढवताना नेमकी तीच ओळ गळलेली मी पाहिली आहे.

तुझ्या स्वतःच्या बाजूचंही एक आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, ते कुळकायद्याचं कलम ६३. नियमाविरुद्ध व्यवहार झाला, तर कलम ८४-क खाली तहसीलदार तो अवैध ठरवू शकतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. उताऱ्यावर दादाचं नाव आहे, तुझं अजून नाही. शेतकरी असल्याचा दाखला तहसील कार्यालयातून आधी हातात घे. एजंट 'दाखल्याची व्यवस्था' करून देतो म्हणाला, तर त्याच्याशी पुन्हा बोलूही नकोस.

कागद सगळे सरळ निघाले असते, तरी मी या जमिनीला नाही म्हटलं असतं. तो सडा आहे. जांभ्याच्या कातळावर बोट-दोन बोटं माती. पावसाळ्यात त्यावर पाणी साचतं, मार्चमध्ये पाय भाजतो. तुला तिथे आंबा, फणस, बांबू लावायचा आहे. त्यासाठी ब्रेकरने कातळ फोडावा लागेल आणि खालून ट्रकने माती आणावी लागेल. त्या मातीबरोबर खालचं तण वर येतं. जी इवलीशी रोपं फक्त त्या उथळ मातीत आणि साचल्या पाण्यात जगतात, ती त्या तणापुढे टिकत नाहीत. कास २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं. पश्चिम घाटाच्या एकोणचाळीस ठिकाणांपैकी महाराष्ट्राची चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पण फुलं काही वनखात्याच्या हद्दीपुरती उगवत नाहीत. कासच्या पठाराभोवती जाळीचं कुंपण घातलं होतं, ते पुढे काढलं. गुरांची ये-जा थांबली की फुलांवर परिणाम होतो, हे गावकरी सांगत होते. आणि तुझ्या यादीत पहिलं काम लिहिलं आहे, 'तारेचं कंपाउंड.' त्या कडेवरून गवळी-धनगरांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जातात. ती वाट तू बंद करणार का?

कास तलावाचं पाणी साताऱ्याला येतं. मी रोज सकाळी जे पाणी भरते, ते त्या डोंगराचं आहे. म्हणून हे मी नुसतं वकील म्हणून लिहीत नाही. वर प्रत्येक दोन एकराला एक बोअर, एक शोषखड्डा आणि एक स्विमिंग पूल झाला, तर खाली गावातल्या झऱ्यांचं काय होईल, हा प्रश्न मला रात्री पडतो.

बांधकामाचं तुला कुणी स्पष्ट सांगितलेलं दिसत नाही. खरेदीखत झालं म्हणजे घर बांधता येतं, असं नाही. नगररचना कार्यालयातून त्या गटाचा झोन दाखला काढावा लागतो. एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर परवानगी मिळत नाही. कोयना अभयारण्य किती जवळ आहे, पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात ते गाव आहे का, हे पाहावं लागतं. ३० ऑगस्ट १९७५ च्या खाजगी वन कायद्याखाली तो गट कधी आला होता का, हे वनखात्याकडून लेखी घ्यावं लागतं. नवीन महाबळेश्वर प्रकल्पासाठी रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण नेमल्यापासून एजंट हेच नाव सांगून भाव चढवतात. 'प्रकल्प आला की दहापट होईल' हे वाक्य तुझ्या मेसेजमध्येही आहे. ते वाचून मला वाईट वाटलं. तू मोकळ्या हवेसाठी जमीन शोधत होतास, भावासाठी नाही. २०२४ मध्ये कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणी गावच्या जमिनीची खरेदी राज्यभर गाजली, राष्ट्रीय हरित लवादाने दखल घेतली. त्यानंतर या भागातल्या व्यवहारांकडे महसूल खात्याची नजर जास्त बारीक झाली आहे, आणि ते योग्यच झालं.

आणि पाऊस. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी घरांवर आल्या. व्हिडिओत जेसीबीने कडेखाली नवा रस्ता कापलेला दिसतो, तांबड्या मातीची उभी भिंत, वर झाडाची उघडी मुळं. ती भिंत कशाच्या आधाराने उभी आहे, हे पुन्हा बघ. शिवाय तो रस्ता गावनकाशावर नाही. नकाशावर दुहेरी तुटक रेषा असते ती गाडीवाट, एकेरी असते ती पायवाट. तुझ्या गटाकडे फक्त एकेरी रेषा जाते. शेजाऱ्याने उद्या चर खणला, तर तुला तहसीलदाराकडे रस्त्यासाठी अर्ज करून तारखा मोजाव्या लागतील.

आता काय घ्यावं ते सांगते. वर जाऊ नकोस, खाली ये. परळी खोऱ्यात, मेढ्याकडे, अशा बऱ्याच गावांच्या कडेला भाताची खाचरं पडीक आहेत. मालक म्हातारे, मुलं शहरात. बांध ढासळलेले, पण माती आहे, झऱ्याचा ओघळ आहे आणि गाव हाकेच्या अंतरावर. एकर पुरे, जास्त नको. मोजणी झालेली, वर्ग १ ची, एकाच कुटुंबाच्या नावावर असलेली आणि सगळ्या भावाबहिणींच्या सह्या मिळणारी. जमीन दोनदा बघायची: एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात, झरा जिवंत आहे का ते पाहायला, आणि एकदा जुलैत, पाणी कुठून येतं, कुठे जातं ते पाहायला. फेब्रुवारीपासून वणवे लागतात, म्हणून जाळपट्टा कोण काढतो हेही गावात विचारायचं. बांधावरच्या जांभळाचे, करवंदाचे हक्क कुणाचे, गवत कोण कापतं, देवाची वाट कुठून जाते, हे उताऱ्यात येत नाही. ते पारावर बसून ऐकायला लागतं. गावाला जे आजवर मिळत आलं आहे, ते तुझ्या खरेदीने थांबणार नाही, एवढं पहिल्याच भेटीत स्पष्ट बोल.

तिथे बांध घाल, नाचणी कर, शनिवार-रविवार गावातल्याच एखाद्या घरात पैसे देऊन राहा. घर बांधायची घाई करू नकोस. दोन पावसाळे गेले, की घर कुठे हवं आणि हवं का, हे तुला कळेल. तोवर वरचा सडा बघायला तुला कुणी अडवत नाही. दादाला आणि मला लहानपणी आजोबांनी तो पायी दाखवला, त्यातली फूटभर जागाही आमच्या मालकीची नव्हती.

एजंटला 'विचार करून सांगतो' असं न म्हणता सरळ नाही म्हण. विसार देऊ नकोस, नोटरीचं साठेखत तर अजिबात नको. तुझ्या आईशी बोल. तिला गुडघ्यामुळे चढ जमत नाही, हे धरून जागा शोध. परळीकडे माझ्या माहितीत दोन खाचरं आहेत. त्यांचे फेरफार मी या महिन्यात काढून ठेवते. खर्चाचं नंतर बघू. मेच्या शेवटी ये, पायांत चांगले बूट घालून ये, आणि येताना तुझ्या शेतकरी दाखल्याचा अर्ज दादाकडून सही करून आण.

तुझी,
आत्या