एक कॉम्प्युटर, तीन अकाउंट: पैसे किती वेळा मोजायचे?

ठाण्याच्या माजिवड्यातल्या बहुतेक सोसायट्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर एकच असतो. मॅनेजर, अकाउंटंट आणि सेक्रेटरी तिघंही तोच वापरतात आणि प्रत्येकाचं विंडोज अकाउंट वेगळं असतं. घरोघरीही हेच. मग मुलाच्या अकाउंटमध्ये टाकलेलं सॉफ्टवेअर आईच्या अकाउंटमध्ये दिसत नाही आणि कॉम्प्युटरवाल्याला पुन्हा फोन जातो. समजा, एका व्हिजिटचे ४०० रुपये पडले, तर तीन अकाउंटसाठी तीन फेऱ्यांचे १,२०० झाले. खरं तर काम एका फेरीचं असतं.

टाकतानाच विचारा: कोणासाठी?

सॉफ्टवेअर दोन प्रकारे टाकता येतं. ‘ऑल युजर्स’ निवडलं तर ते ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बसतं आणि सगळ्या अकाउंटना दिसतं. ‘ओन्ली फॉर मी’ निवडलं तर फक्त त्या अकाउंटपुरतं राहतं. पहिल्या प्रकाराला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो. पासवर्ड दिला नाही तर क्रोम निमूटपणे त्याच अकाउंटपुरता बसतो. पायथन टाकताना ‘सर्वांसाठी’ ही खूण आपण स्वतः करावी लागते, हे इंजिनीअरिंगच्या मुलांनी लक्षात ठेवावं. तेच सॉफ्टवेअर प्रत्येक अकाउंटमध्ये वेगळं टाकलं तर डिस्कवर जागा तितक्या पट जाते आणि अपडेटही वेगवेगळी करावी लागतात.

पैसे कशाचे?

*फुकट:* लिब्रेऑफिस, व्हीएलसी. लिब्रेऑफिसमध्ये पत्रं, हिशेबाचे तक्ते, प्रेझेंटेशन सगळं होतं. एकदा सर्वांसाठी टाकलं की काम संपलं.

*मशीनमागे:* विंडोजचं लायसन्स कॉम्प्युटरचं असतं. अकाउंट वाढवली म्हणून जादा पैसे पडत नाहीत. अँटिव्हायरसच्या खोक्यावरचं ‘१ युजर’ बहुतेक वेळा एक कॉम्प्युटर या अर्थी असतं. घेताना दुकानदाराकडून खात्री करून घ्या. घरगुती वापराला विंडोजमधला डिफेंडर फुकट मिळतोच. टॅली प्राइमचं सिल्व्हर लायसन्स २२,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,५५०. हे एकाच कॉम्प्युटरपुरतं असतं. ऑफिसात टॅलीचा कॉम्प्युटर एकच असेल तर मल्टि-युजर गोल्डवर खर्च करू नका.

*माणसामागे:* मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली वर्षाला साधारण ८,२०० रुपयांना पडतं. त्यात सहा जण बसतात आणि प्रत्येकाला १ टीबी जागा मिळते. सहाही जण वापरणार असतील तर डोई १,४०० रुपयांच्या आत. एकट्या आजोबांना पत्रं टाइप करायची असतील तर लिब्रेऑफिस पुरे. दर बदलतात, म्हणून घेण्याच्या दिवशी कंपनीच्या वेबसाइटवर पाहून घ्या.

मराठी नोटिशीचा घोळ

सेक्रेटरीने टाइप केलेली नोटीस मॅनेजरच्या अकाउंटमध्ये उघडली की अक्षरांचा काला होतो, ही तक्रार नेहमीची. फॉन्ट नुसता ‘इन्स्टॉल’ केला तर आताच्या विंडोजमध्ये तो त्याच अकाउंटपुरता राहतो. फाइलवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडा. त्याहून बरं म्हणजे नोटिसा युनिकोडमध्येच टाइप करा. ‘मुक्त’, ‘बालू’ यांसारखे देखणे फॉन्ट फुकट मिळतात. मराठी कीबोर्ड विंडोजमध्येच असतो, पण तो प्रत्येकाला आपापल्या अकाउंटमध्ये सुरू करावा लागतो.

माणूस बोलावण्याआधी

- हवी असलेली सगळी सॉफ्टवेअर कागदावर लिहा आणि एकाच फेरीत टाकून घ्या.
- दर व्हिजिटचा आहे की सॉफ्टवेअरमागे, हे फोनवरच ठरवा.
- अ‍ॅडमिन अकाउंट एकच ठेवा, बाकीची ‘स्टँडर्ड’ करा. याला खर्च शून्य आणि मुलांनी वाटेल ते टाकण्याला आळा बसतो.
- पासवर्ड स्वतः टाका, सांगू नका.
- कॉम्प्युटरवाला जाण्याआधी प्रत्येक अकाउंटमध्ये शिरून सॉफ्टवेअर उघडतंय का ते पाहा.

‘स्वस्तात ओरिजिनलसारखंच टाकून देतो’ असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यवसायासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, दंड मात्र ५० हजारांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय अशा प्रतीबरोबर व्हायरस आला तर तो सगळ्याच अकाउंटना भोवतो.

बिल घ्याच

बिलावर सॉफ्टवेअरचं नाव, लायसन्सची मुदत आणि ‘सर्व अकाउंटसाठी’ हे शब्द लिहून घ्या. काम अर्धवट राहिलं आणि दुकानदार दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. तरीही निकाल लागला नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पुरावा म्हणून पहिल्यांदा बिलच मागितलं जाईल.