कल्पक इंजिनिअरने कंपनी कशी निवडावी?

थर्ड इयर संपत आलं की होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एकच चर्चा सुरू होते. कुठली कंपनी येतेय आणि पॅकेज किती? पॅकेज महत्त्वाचं आहेच, एज्युकेशन लोनचे हप्ते कुणाला चुकलेत? पण आपल्यात कुणी रात्र जागून गॅदरिंगचा सेट उभारतो, कुणी रोबोट जोडतो, कुणी अ‍ॅनिमेशन करतो. अशांनी आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा. या कंपनीत एखाद्याला नवीन काही सुचलं, तर त्याचं पुढे होतं काय?

सगळ्यात आधी वेळ. अमेरिकेतल्या थ्री एम कंपनीत कर्मचाऱ्यांना १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवायची मुभा असते. १९६८ साली तिथल्या स्पेन्सर सिल्व्हर यांना एक गोंद सापडला, तोही धड न चिकटणारा! कंपनीने त्यांना घरी पाठवलं नाही. १९७४ मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना सुचलं की यातून सहज निघणारी बुकमार्कची चिठ्ठी होईल. १९८० मध्ये अमेरिकेच्या बाजारात आलेलं पोस्ट-इट ते हेच. म्हणजे बारा वर्षं धीर धरणारी कंपनी लागली.

दुसरं, ऐकणारा माणूस. स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक एचपीत कॅल्क्युलेटरवर काम करत होते. नोकरी त्यांना मनापासून आवडायची. १९७६ मध्ये त्यांनी स्वतः बनवलेला कॉम्प्युटर आधी एचपीलाच दाखवला. एचपीने नको म्हटलं आणि तो अ‍ॅपल-१ म्हणून बाजारात आला. एचपी काही वाईट कंपनी नव्हती. पण चांगली कंपनी आपल्या कल्पनेसाठी चांगली असेलच असं नाही.

तिसरी गोष्ट कागदावरची. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेलं सॉफ्टवेअर किंवा चित्र, वेगळा करार नसेल तर, मालकाचं होतं. लेखक म्हणून आपलं नाव सांगायचा हक्क मात्र आपल्याकडेच राहतो. पेटंटचे हक्क कंपनीला देण्याचं कलमही नोकरीच्या करारात बरेचदा असतं. रविवारी रूमवर बसून केलेलं कामही त्यात धरलंय का, ते सही करण्याआधी वाचा. आधीपासून एखादा प्रोजेक्ट चालू असेल तर तो वगळल्याचं लेखी घ्या. तोंडी आश्वासन देणारे साहेब उद्या बदलून गेले, तर आपण कुणाकडे बघणार?

हे सगळं कळणार कसं? प्री-प्लेसमेंट टॉकमध्ये हात वर करून सरळ विचारायचं, "गेल्या वर्षी नवीन लागलेल्या इंजिनिअरने सुचवलेली कुठली गोष्ट तुम्ही प्रत्यक्षात आणली?" नाव-गाव सांगून उदाहरण मिळालं तर उत्तम. "आम्ही इनोव्हेशनला प्रोत्साहन देतो" एवढंच ऐकू आलं तर समजून जा. दोन वर्षांपूर्वी तिथे लागलेल्या सीनिअरला फोन करा. पगार विचारून झाला की हेही विचारा, "तू शेवटचं नवीन काय केलंस?" तो किती वेळ गप्प राहतो, त्यावरूनही बरंच कळतं.

लग्नात जसं दोन्हीकडचे एकमेकांना बघतात, तसंच हे. कंपनी आपला इंटरव्ह्यू घेते, तेव्हा आपणही तिचा घ्यायला काय हरकत आहे?