तारुण्यपिटिका : घाई नको, भलते मलम तर नकोच

वयात येणाऱ्या मुला-मुलींच्या चेहऱ्यावर उठणाऱ्या पुटकुळ्यांना तारुण्यपिटिका किंवा मुरुमे म्हणतात. हा आजार जिवावरचा नाही. पण आरशासमोर रडणारी मुलगी किंवा कॉलेजात जायला टाळाटाळ करणारा मुलगा ज्या घरात आहे, त्या घराला तो क्षुल्लक वाटत नाही. या काळजीपोटीच पुष्कळदा मूळ आजारापेक्षा उपाय महागात पडतो.

मुरुमे का येतात?

आपल्या त्वचेत केसांच्या मुळाशी तैलग्रंथी असतात. वयात येताना शरीरातील संप्रेरकांमुळे या ग्रंथी जास्त तेल तयार करू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी साचून ते बुजते. आत तेल कोंडते, तेथे जंतू वाढतात, सूज येते आणि पू धरतो. छिद्राच्या तोंडाशी दिसणारा काळा ठिपका म्हणजे मळ नव्हे. म्हणून चेहरा घासघासून धुतल्याने मुरुमे जात नाहीत, उलट त्वचा चिडते. 'अंगातली उष्णता' किंवा 'लग्न झाले की जातील' या समजुतींनाही शास्त्रीय आधार नाही.

कोळसा, ग्रीस आणि ऊन

माजरी परिसरातील वाचकांच्या मनात कोळशाच्या धुळीची शंका येणे साहजिक आहे. नुसती धूळ मुरुमांचे मूळ कारण नाही. मात्र खाणीतील यंत्रांवर किंवा वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांना वंगणतेल आणि ग्रीसमुळे वेगळ्या प्रकारच्या पुटकुळ्या येतात. त्या चेहऱ्यापेक्षा हातांवर आणि मांड्यांवर, म्हणजे तेलकट कपडा जेथे चिकटतो तेथे अधिक दिसतात. पाळी संपताच अंघोळ करावी व तेलाने भिजलेले कपडे धुतल्याशिवाय पुन्हा घालू नयेत. आपल्या भागातील कडक उन्हात तोंडाला रुमाल किंवा ओढणी बांधणे आवश्यकच आहे. फक्त ती रोज धुतलेली असावी.

सर्वांत मोठा धोका

'गोरे करणारे', 'आठ दिवसांत डाग घालवणारे' म्हणून हातोहात दिल्या जाणाऱ्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो, लाली उतरते. 'पाहुणे येणार' म्हणून मुली असे मलम लावू लागतात आणि मग महिनोन्‌महिने लावतच राहतात. पुढे त्वचा पातळ व लाल होते, उन्हात आग होते, चेहऱ्यावर लव वाढते आणि मुरुमांचे पीकच येते. मलम थांबवले की त्रास उसळतो, म्हणून पुन्हा तेच लावले जाते.

याच कारणाने मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा प्रकारच्या स्टेरॉइडच्या मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. तरीही ट्यूबवरील नावे वाचण्याची सवय ठेवा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही लिहिले असेल तर ते मुरुमांचे औषध नव्हे. पूर्वीपासून लावत असाल तर मनाने एकदम न थांबवता डॉक्टरांना ट्यूब दाखवा.

योग्य उपचार

१) सौम्य साबणाने दिवसातून दोनदा चेहरा धुवावा. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा लावू नये. चेहऱ्याला खोबरेल तेल चोळू नये.

२) पुटकुळी फोडू नये. नखांनी फोडल्यास कायमचा खड्डा व डाग पडू शकतो.

३) सौम्य मुरुमांवर डॉक्टर बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापलीन देतात. रात्री मटारच्या दाण्याएवढे औषध, फक्त पुटकुळीवर नव्हे तर मुरुमे येणाऱ्या संपूर्ण भागावर पातळ लावावे. सुरुवातीला थोडी कोरड व जळजळ होते. बेन्झॉइल पेरॉक्साइडने उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो.

४) गुण यायला सहा ते आठ आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. पंधरा दिवसांत औषध बदलणे ही सर्वांत मोठी चूक होय.

५) अँटिबायोटिकचे मलम एकटे लावल्यास जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. ते डॉक्टरांनी सांगितलेल्या जोडीनेच घ्यावे.

६) आयसोट्रेटिनॉइन या गोळ्या तीव्र मुरुमांवर प्रभावी आहेत, पण त्यामुळे गर्भात गंभीर व्यंग निर्माण होते. गर्भवती किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने त्या मुळीच घेऊ नयेत. गोळ्या संपल्यावरही किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. गर्भवतींनी ॲडापलीनही टाळावे.

आहाराचे काय?

तेलकट पदार्थांना दोष देण्याची प्रथा आहे, पण त्याचा ठोस पुरावा नाही. गोड पदार्थ, शीतपेये व मैद्याचे पदार्थ यांनी मात्र काहींची मुरुमे वाढतात. ते कमी करून पाहावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

मोठ्या दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील किंवा मुलीची मासिक पाळी अनियमित असून चेहऱ्यावर केस वाढत असतील तर थांबू नये. जवळच्या सरकारी दवाखान्यातून त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवण्याची विनंती करता येते.

पालकांनी एवढे करावे : मुलांच्या चेहऱ्यावरून चारचौघांत बोलू नये. मुरुमे बहुतेकांची आटोक्यात येतात. लागलेले बोल मात्र पुढे बराच काळ आठवणीत राहतात.